स्कूटरवरचा कॅमेरा थरथरतोय? नवा माउंट घेण्याआधी हे तपासा

'व्हिडिओ फार हलतो' ही तक्रार आणि 'चांगला माउंट (म्हणजे कॅमेरा गाडीला धरून ठेवणारी पकड) घे' हा सल्ला, दोन्ही जोडीनेच फिरतात. मी तो सल्ला एकदा नाही, चारदा ऐकला. आधी आरशाच्या दांडीला धरणारी प्लास्टिकची पकड, मग तीच ॲल्युमिनियमची, मग पुढच्या पॅनेलवर चिकटवायचा पॅड, मग सक्शन कप. प्रत्येक वेळी घरी येऊन व्हिडिओ लावायचा आणि प्रत्येक वेळी तेच: रस्त्याकडेचे खांब पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे लचकताहेत. शेवटी ज्या प्लास्टिकच्या पकडीला मी सगळ्यात जास्त नावं ठेवली होती, तीच काढून दुसऱ्या जागी लावली आणि चित्र शांत झालं.

म्हणून इथे माउंटच्या प्रकारांबद्दल कमी आणि जागेबद्दल जास्त लिहितोय.

हलणं म्हणजे नेमकं काय हलतंय?

फोनच्या छोट्या पडद्यावर सगळंच बरं दिसतं. क्लिप मोठ्या पडद्यावर लावा आणि एखादी उभी रेघ धरा: खांब, दाराची चौकट, इमारतीची कड. ती रेघ स्वतःच वळवळत असेल तर ती इंजिनाची थरथर. रेघ सरळ राहते पण अख्खं चित्र उसळतं, तर तो रस्ता. निघताना समोरचा रस्ता दिसत होता आणि पंधरा मिनिटांनी पुढचं मडगार्ड दिसायला लागलं, तर कुठलातरी सांधा घसरतोय. दिवसा छान आणि दिवेलागणीनंतर सगळ्यावर बोळा फिरवल्यासारखं, तर दोष शटरचा. आणि रस्ता एकदम स्थिर, पण तुमचं हँडल मात्र अंगात आल्यासारखं नाचतंय, तर बिघाड काहीच नाही. त्याचं कारण पुढे सांगतो.

ही फोड आधी करायची, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की बहुतेक वेळा काम आणखी बिघडतं. थरथर शोषणारी जाड, मऊ रबराची गादी घसरणाऱ्या पकडीत घातली की ती जास्तच घसरते.

वळवळणारे खांब

ॲक्शन कॅमेऱ्याचा, म्हणजे गोप्रोसारख्या छोट्या दणकट कॅमेऱ्याचा, सेन्सर अख्खं चित्र एका झटक्यात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो वाचत जातो. समजा या वाचनाला १५ मिलिसेकंद लागले. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० झाले, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एक हिसका. पहिली ओळ वाचल्यापासून शेवटची वाचून होईपर्यंत कॅमेरा दीड वेळा इकडून तिकडे जाऊन आलेला असतो. खांब जागचा हललेला नसतो. त्याचा प्रत्येक तुकडा वेगळ्या जागेवरून पाहिला गेलेला असतो. लोक याला जेली म्हणतात.

मग कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा, काय करतं? गोप्रोने २०१८ मध्ये हीरो ७ ब्लॅक या कॅमेऱ्याबरोबर हायपरस्मूथ नावाचं स्टॅबिलायझेशन आणलं, तेव्हापासून कॅमेरा सगळं सांभाळून घेतो अशी समजूत झाली आहे. ही यंत्रणा जायरोच्या, म्हणजे फिरणं मोजणाऱ्या सेन्सरच्या, मोजमापावर चालते: कॅमेरा किती कलला, किती फिरला ते बघून चित्र उलट दिशेने सरकवायचं. गचक्यांवर ती खरोखर कमाल करते. पण बारीक, जलद कंपापुढे तिची मात्रा फारशी चालत नाही, कारण फ्रेम टिपतानाच वाकडी झालेली असते. म्हणून सेटिंगमध्ये 'बूस्ट' (आणखी जोरदार स्टॅबिलायझेशन) चालू करून पुन्हा तेच बघत बसू नका. ही थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच अडवावी लागते.

आता आरशाच्या दांडीबद्दल. मोटरसायकलला हँडलची उघडी नळी असते, स्कूटरचं हँडल प्लास्टिकच्या कवचात बंद. पकड लावण्यासारखी गोल गोष्ट शोधत गेलं की हाताला आरशाची दांडीच लागते, आणि प्रत्येक जण तिथेच थांबतो. माझ्या स्कूटरच्या उजव्या आरशात ठरावीक वेगाला मागच्या गाड्या पुसट दिसायच्या. कितीतरी दिवस दिसत होत्या, मी कधी मनावर घेतलं नव्हतं. आरसा म्हणजे दांडीच्या टोकाला लावलेलं वजन, कॅमेरा म्हणजेही तेच. आरसा ज्या वेगाला पुसट होतो त्या वेगाला तिथला कॅमेराही वळवळणारच. थरथर मोजायचं यंत्र गाडीबरोबर आधीच मिळालेलं असतं, आपण त्यात फक्त मागचं ट्रॅफिक बघतो.

दांडीला तिची स्वतःची अशी एक झुलण्याची गती असते. इंजिनाची गती तिच्याशी जुळली की थोडी थरथर कितीतरी पट होते. त्यात आपण साधारण दीडशे ग्रॅमचा कॅमेरा टांगतो. वजन वाढलं की दांडीची गती खाली येते, आणि जी गडबड एरवी भरधाव असताना व्हायची ती आता सिग्नलला उभं असतानाही व्हायला लागते. वर दोन-तीन सांध्यांचा लांब हात लावलेला असला तर विचारायलाच नको. एका टोकाला धरलेल्या पट्टीची लांबी दुप्पट केली की तिचा ताठपणा आठवा हिस्सा उरतो. आठवा, निम्मा नाही. 'थोडा लांब हात लावला तर अँगल छान मिळेल' असं वाटेल तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर आणा.

नखाने तपासा

जागा निवडायला माझी पद्धत साधी आहे. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, रेसला हात नाही. ऑटोमॅटिक स्कूटरचं मागचं चाक मेन स्टँडवर हवेत असतं आणि नुसत्या आयडलिंगवरही फिरू शकतं, तेव्हा हात, ओढणी, मफलर, लहान मुलं तिकडून लांब. मग एकेका जागेवर नख हलकेच टेकवायचं. आरशाची दांडी नखाखाली बारीक करकरते. पुढच्या पॅनेलचा सपाट मधला भाग घुमतो. तेच पॅनेल जिथे दुमडलंय किंवा स्क्रूने सांगाड्याला आवळलंय तिथे बरंच गप्प असतं. लेगगार्डची नळी मधल्या वळणाजवळ थरथरते, बोल्टपाशी कमी.

इंजिन बंद करून पॅनेलवर बोटाच्या पेराने ठोकूनही बघा. 'ढब' असा पोकळ आवाज आला तर ती जागा सोडा, 'टक' आला तर विचार करा.

हे का होतं तेही समजून घ्या. बहुतेक पेट्रोल स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचं चाक मिळून एकच युनिट असतं आणि ते चाकाबरोबर खाली-वर झुलतं. सांगाड्याशी ते रबरी बुश (रबराचं अस्तर) असलेल्या जोडाने अडकवलेलं असतं. सांगाड्यापर्यंत येणारी थरथर त्या रबराने बरीच कमी होते, पण उरते ती पातळ प्लास्टिकच्या पॅनेलला ढोलकीच्या कातड्यासारखं वाजवायला पुरेशी असते. इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिनाचा हा त्रास नाही. तिथे खांब वळवळत असले तर पकड किंवा लांब हातच तपासा.

नखाने दोन-तीन जागा पक्क्या झाल्या की प्रत्येक ठिकाणी छोटी क्लिप काढायची: इंजिन बंद, आयडलिंग, सावकाश, मग नेहमीचा वेग. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला जागेचं नाव मोठ्याने बोला. मी पहिल्यांदा बोललो नव्हतो, आणि मग अकरा सारख्या दिसणाऱ्या क्लिपांपुढे कपाळाला हात लावून बसलो होतो.

मग लावायचा कुठे?

माझं मत विचाराल तर, बघण्यासारखा व्हिडिओ हवा असेल तर गाडीवर लावूच नका, अंगावर लावा. सीट, कंबर, पाठीचा कणा, मान, एवढं सगळं पार करून डोक्यापर्यंत इंजिनाची थरथर जवळजवळ पोहोचतच नाही. थरथर शोषणारं एवढं चांगलं डॅम्पर कुठल्या खोक्यात मिळत नाही. हेल्मेटच्या हनुवटीवरचा कॅमेरा तुम्ही बघता तेच बघतो. हेल्मेटला भोक मात्र कधीच पाडायचं नाही, आणि हेही लक्षात ठेवा की हेल्मेटवर बाहेर आलेली कुठलीही टणक वस्तू पडताना अडकू शकते. डोक्याच्या वर उभा केलेला कॅमेरा मला याच कारणाने पटत नाही. काही ठिकाणी हेल्मेटवर काही लावण्यावर बंधनं असतात, आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या.

छातीवरचा पट्टा स्कूटरला मोटरसायकलपेक्षा जास्त शोभतो, कारण आपण ताठ बसतो. हात, मीटर, पुढचा रस्ता, सगळं चौकटीत येतं. चूक एकच होते: लोक उभं राहून अँगल लावतात आणि बसल्यावर कॅमेरा मीटरच तेवढा बघत राहतो. सीटवर बसून, हात हँडलवर ठेवून, मग अँगल लावायचा.

गाडीवरच लावायचा असेल, म्हणजे रोजच्या जाण्यायेण्याची नोंद म्हणून, तर पॅनेलच्या दुमडलेल्या कडेजवळचा चिकट पॅड ही माझी पहिली पसंती. पॅनेलवरचा कॅमेरा हँडलबरोबर फिरत नाही, हा त्याचा मोठा फायदा. हँडलवरचा कॅमेरा प्रत्येक वळणाला आधी मान वळवतो आणि स्टॅबिलायझेशन त्याला मागे ओढतं, मग चित्र उडी मारून पुढे येतं. पॅडच्या बाबतीत घाई नडते. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. पॉलिश केलेल्या चकचकीत पॅनेलवर पॅड चिकटल्यासारखा वाटतो आणि नंतर हातात येतो. थ्री-एमच्या व्हीएचबी जातीच्या टेपची पकड साधारण खोलीच्या तापमानाला २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. रात्री लावून सकाळी निघालात तरी तुम्ही थोडे आधीच निघालेले असता. दाणेदार काळ्या प्लास्टिकवर तर तो लावायच्या फंदात पडू नका, तिथे पॅड नुसत्या दाण्यांच्या टोकांना धरून असतो. सक्शन कपलाही तोच नियम, आणि स्कूटरवर गुळगुळीत, सपाट, मोठी जागा असते तरी कुठे? माझा कप आता खिडकीच्या काचेवर असतो.

लेगगार्ड असेल तर बोल्टपासून चार बोटांच्या आत पकड लावा. ज्या प्लास्टिकच्या पकडीबद्दल सुरुवातीला सांगितलं ती माझ्याकडे इथेच आहे. खालून घेतलेला रस्ता वेगवान दिसतो, व्हिडिओला मजा येते. चिखल आणि खडेही इथेच उडतात, म्हणून काचेवर संरक्षक काच हवी. कॅमेरा गार्डच्या आतल्या बाजूला ठेवा. गाडी आडवी झाली तर गार्ड आधी जमिनीला लागतो, त्याच्या बाहेर काही असेल तर ते त्याच्याही आधी.

आरशाची दांडीच वापरायची असेल तर आखूड पकड, एकच सांधा, आणि दांडीच्या अगदी बुडाशी. आरसा खोलायची वेळ आली तर लक्षात असू द्या, काही यामाहा गाड्यांच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावत राहिलात तर सुटायचं सोडून आवळत जाईल.

मान टाकणारा कॅमेरा

एकदा चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत मला पहिली सहा मिनिटं रस्ता आणि उरलेली चौतीस मिनिटं पुढचं मडगार्ड दिसलं. मडगार्डवरचा एक ओरखडा आता मला पाठ आहे.

घसरण कुठल्या सांध्यात होते ते चालत्या गाडीवर कळत नाही. मेकॅनिक आवळलेल्या बोल्टवर रंगाची रेघ मारतात, तीच युक्ती इथे चालते. पांढऱ्या मार्करने प्रत्येक सांध्यावरून आडवी रेघ ओढा, अर्धी या भागावर, अर्धी त्या भागावर. फेरी मारून या. जिथे रेघ तुटली तो सांधा. माझ्याकडे दोन सांधे घट्ट होते. पकडच दांडीभोवती गोल फिरत होती. दांडी गुळगुळीत, पकडीतलं रबर दाबून दाबून चकचकीत झालेलं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक पदर दांडीला गुंडाळला आणि प्रश्न मिटला. एकच पदर. 'मऊ असेल तेवढं बरं' म्हणून मी पुढे तीन पदर घातले, तेव्हा वळवळ कमी झाली पण कॅमेरा खेळण्यातल्या बाहुलीसारखा मान हलवायला लागला. रबराची गादी तिच्या स्वतःच्या झुलण्याच्या गतीच्या साधारण १.४ पटीपुढचे कंपच कमी करते. त्याच्या खाली, रस्त्याच्या संथ गचक्यांत, ती उलट भर घालते.

गोप्रोसारख्या, एकमेकांत अडकणाऱ्या दोन-तीन प्लास्टिकच्या बोटांच्या सांध्यात घसरण असेल तर बोटांमधली धूळ पुसा आणि स्क्रू हाताने नव्हे, त्यासाठी मिळणाऱ्या छोट्या पान्याने आवळा. बेताने, प्लास्टिकला तडा जाईपर्यंत नाही. आणि जो सांधा नसला तरी चालेल तो काढून टाका. अलीकडच्या काही कॅमेऱ्यांना, उदाहरणार्थ २०२३ च्या हीरो १२ ब्लॅकला, तळाशी ट्रायपॉडचे पाव इंचाचे आटे असतात. त्यावर थेट बसवलं तर बोटांचा सांधाच वाचतो.

संध्याकाळचं धूसर आणि नाचरं हँडल

उजेड कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. त्या वेळात बसलेला गचका प्रत्येक फ्रेममध्ये फराटा होऊन उतरतो. स्टॅबिलायझेशन फ्रेम जागेवर ठेवतं, फराटे तसेच राहतात, आणि स्थिर चित्र मधूनच पुसट होऊन परत स्पष्ट होतं. आयएसओची (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेची) वरची मर्यादा वाढवा, शटर जलद ठेवा, चित्रात येणारे दाणे सहन करा. काळी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लावलेली असेल तर ती काढा. सिनेमासारखी हालचाल दिसावी म्हणून लोक ती लावतात, पण ती शटर मुद्दाम संथ करायलाच असते, आणि थरथरणाऱ्या गाडीवर संथ शटर म्हणजे आपणच पायावर धोंडा पाडून घेणं.

नाचणाऱ्या हँडलचं कारण: जायरो जगाला स्थिर धरतो, गाडीला नाही. कॅमेरा गाडीबरोबर कलतो, चित्र उलट सरकवून रस्ता सरळ केला जातो, आणि त्या सरकवण्यात गाडीचा जो भाग चौकटीत असेल तो हलताना दिसतो. एक तर हँडल चौकटीबाहेर जाईल असा अँगल घ्या, नाहीतर स्टॅबिलायझेशन एक पायरी खाली आणा.

कालपर्यंत छान होतं, आज अचानक?

कॅमेरा तोच, जागा तीच, आणि चित्र बिघडलं, तर गाडीकडे बघा. टायरमधली हवा जास्त झाली का? आरशाचा नट सैल? पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलली की हँडलच्या बुडाशी 'कट्' वाजतंय? मग कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे, आणि ते व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे. आयडलिंगची थरथर एकदम वाढली असेल तर मेकॅनिकला इंजिनाचे बुश बघायला सांगा. माझा एक बुश मी असाच, दोन महिन्यांच्या जुन्या क्लिपशी तुलना करून पकडला.

कॅमेऱ्याऐवजी फोन लावणाऱ्यांसाठी एक सूचना. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं की मोटरसायकलच्या जोरदार इंजिनाच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातलं सरकतं भिंग बिघडू शकतं; स्कूटर-मोपेडवर थरथर कमी असली तरी तिथेही डॅम्पर असलेला माउंट वापरा, असं त्यात होतं. बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांत असं सरकतं भिंग नसतं, म्हणून ते हा मार सोसतात.

निघण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा: वायर ताणली जात नाही ना, कॅमेरा कशाला आपटत नाही ना, हेडलाइट, इंडिकेटर आणि मीटर झाकलं जात नाही ना. मग दोरी. नायलॉनची किंवा बारीक तारेची, एक टोक कॅमेऱ्याला आणि दुसरं गाडीच्या एखाद्या पक्क्या भागाला, माउंटला नाही. माउंटच निसटला तर दोघं हातात हात घालून रस्त्यावर जातात. दोरी इतकी आखूड हवी की लोंबकळलेला कॅमेरा चाकापर्यंत पोहोचणार नाही. पहिल्या दहा मिनिटांनी गाडी बाजूला घ्या, मार्करच्या रेघा बघा आणि जो स्क्रू ढिला झाला असेल तो पुन्हा आवळा. नव्या पकडीचं रबर तेवढ्यात बसलेलं असतं, त्यामुळे एखादा तरी सैल सापडतोच.